पडीक माळ आणि माळढोक

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बातमीदारीत नवा होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात माळढोक अभयारण्याच्या विरोधात सभा होती. जमिनीचे व्यवहार अडलेले, लोक वैतागलेले. एक आजोबा म्हणाले, "तो पक्षी मी दहा वर्षांत बघितला नाही, पण त्याच्यापायी पोरीच्या लग्नाला जमीन विकता येईना." मी ठोकून बातमी दिली. मथळा होता, 'माणूस मोठा की पक्षी?' कौतुकही झालं.

बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच होती. उरलेली अर्धी आज लिहितोय.

सुरुवात जरा लांबून करतो. पृथ्वीवर आजवर पाच मोठे महाविनाश झाले. सगळ्यात भयंकर २५ कोटी वर्षांपूर्वीचा; त्यात समुद्रातल्या दहापैकी जवळपास नऊ प्रजाती संपल्या. शेवटचा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर गेले तो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे १० किलोमीटर रुंदीची उल्का आदळली. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते. विनाशात उल्केचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. पण ज्या काळ्या दगडावर आपली घरं उभी आहेत, तो त्या काळचा आहे.

या दगडावर मुरमाड मातीचा पातळ थर. त्यात सह्याद्रीने पाऊस अडवलेला. मोठी झाडं इथे आपसूक वाढत नाहीत, गवत वाढतं. पवन्या, मारवेल, कुसळी. म्हणजे माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर आणि माळढोक, सगळे या गवताच्या आधाराने जगणारे. धनगरांची मेंढरंही याच गवतावर जगली.

आता सहाव्या महाविनाशाची चर्चा चालू आहे. २०१९ साली आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेने अहवाल दिला की सुमारे १० लाख प्रजाती धोक्यात आहेत. त्यांनी पाच थेट कारणं क्रमाने दिली: जमिनीच्या आणि समुद्राच्या वापरातला बदल, थेट शिकार आणि तोड, हवामान बदल, प्रदूषण, बाहेरून आलेल्या प्रजाती. क्रम लक्षात घ्या. आपण पहिलं बोट बंदुकीकडे दाखवतो. अहवालात पहिली आहे ती जमीन.

माळढोकाच्या बाबतीत बंदूक होतीच. मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्या माणसाने! तरीही १९६९ साली देशात अंदाजे १,२६० माळढोक शिल्लक होते. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली. दोष फक्त बंदुकीचा असता तर आकडा वाढायला हवा होता. तो २००८ च्या सुमारास ३०० वर आला. आज दीडशेच्या आसपास आहे आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. आपल्याकडे एखादा दिसला तरी बातमी होते.

मग झालं काय? माझ्या मते उत्तर इंदापूरला सापडतं. इंग्रजांनी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताने इथे जमिनीची नवी मोजणी आणि साऱ्याची आकारणी केली. आधीच्या प्रिंगलच्या जबर साऱ्याने शेतकरी मोडला होता, त्याला दिलासा मिळाला. सारा कमी झाला आणि पडीक जमीन लागवडीखाली आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण सरकारी दप्तरातली नजर पक्की झाली: जी जमीन सारा देत नाही ती पडीक. इंग्रज गेले, ती नजर राहिली. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी माळ आणि चराऊ रानं आजही याच सदरात येतात.

आणि पडीक म्हटलं की तिथे काहीही केलं तरी सुधारणाच! उजनीचं पाणी आलं, ऊस आला. वनीकरणवाल्यांनी माळावर सुबाभूळ, ग्लिरिसिडिया लावलं. एमआयडीसी आली, खडीचे क्रशर आले, विजेच्या तारा आल्या. यातलं कुणी पक्ष्याचं वाईट चिंतलेलं नव्हतं. दुष्काळी भागात पाणी आलं, त्यावर पोरं शिकली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पक्ष्याची अडचण अशी की नराचं वजन १५ किलोपर्यंत, समोरचं नीट दिसत नाही, तार ऐनवेळी दिसली तरी वळता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याचे वर्षाला चार-दोन मेले तरी हिशोब चुकतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल केला, कारण सौरऊर्जेसाठी त्या तारा हव्यात. म्हणजे अहवालातल्या तिसऱ्या कारणावरचा उपाय पहिल्या कारणात भर घालतोय.

आता आमचं अभयारण्य. १९७९ साली कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. बहुतेक जमीन खासगी. लोकांना बंधनं मिळाली, पक्ष्याला माळ मिळाला नाही. मध्य प्रदेशात करेराला हेच झालं. लोक चिडले आणि १९९० च्या दशकात तिथला माळढोक संपला. आपलं अभयारण्य पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आजोबांच्या गावाचा प्रश्न सुटला असेल, पण तोवर माळढोक जवळजवळ गेला होता.

त्या दिवशी मी आजोबांना एक प्रश्न विचारायला हवा होता. दहा वर्षांत नाही बघितला, मग त्याआधी कुठे बघितला होता? तिथे आज काय आहे? विचारलं असतं तर बातमी पक्ष्याविरुद्ध माणसाची झाली नसती. माळाची झाली असती, आणि माळ गेल्यावर माळढोकाबरोबर मेंढपाळही भटकतो, हेही त्यात आलं असतं.

तुमच्या गावच्या गायरानावर उद्या सौर प्रकल्पाचा किंवा वृक्षलागवडीचा ठराव येईल. विरोधच करा असं मी म्हणत नाही. फक्त ठरावात 'पडीक' लिहिलं असेल तर हात वर करून विचारा, तिथे आज कोण चरतं, कोण अंडी घालतं? आणि घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर माळढोक कुठे दिसायचा हे विचारून लिहून ठेवा. ती माणसंही आता थोडीच उरलीत.