पायाचे माप आणि जोड्याचा क्रमांक : वऱ्हाडातील सायकलस्वाराच्या बुटाची पूर्वपीठिका

वस्त्रे, अलंकार आणि खाद्यपदार्थ यांचा इतिहास मराठीत बऱ्यापैकी लिहिला गेला. पादत्राणाच्या वाट्याला मात्र म्हणीच आल्या. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत वस्तूविषयी जेवढी तुच्छता आहे, तेवढीच ती घडविणाऱ्या हातांविषयी आहे. अलीकडच्या काळात अमरावती व अकोला येथे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची आवड वाढली असून रोड सायकलसाठीचा खास बूट कसा निवडावा, हा प्रश्न अनेकांना पडतो. प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटत असला तरी त्याच्या मागे पायाचे माप कोण घेते आणि कोणासाठी घेते, याचा मोठा इतिहास आहे.

गावगाड्यात वहाण गिऱ्हाइकाच्या पायावरून बेतली जात असे. चर्मकार पाय चामड्यावर ठेवायला लावून कडेने रेघ ओढी आणि रापीने तळवा कापी. नवी वहाण चावे. तिला तेल पाजले, काही दिवस वापरली की ती त्या पायाची होई. पुढून उघडी असल्याने बोटे पसरायला आडकाठी नसे. कापसाच्या काळ्या रानात अनवाणी किंवा अशा वहाणेत वावरलेल्या पायाचा पंजा साहजिकच रुंद राहिला. अर्थात, हे माप सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसाला सवर्णांच्या आळीतून जाताना वहाण हातात घ्यावी लागे. जो ती घडवी त्यालाच ती पायात घालून मिरविण्याची मुभा नसे, ही विसंगती नोंदविल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1867 पर्यंत अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोहोचली. कचेरी, पोलीस आणि शाळा यांबरोबर बंद बूट आला व त्याच्याबरोबर क्रमांक आला. इंग्रजी पद्धतीत एका क्रमांकाचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे 8.5 मि.मी.; युरोपीय पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटर. दोन्ही पद्धती प्रामुख्याने लांबी मोजतात. रुंदी कलबुताच्या घडणीवर सोडलेली असते आणि ते कलबूत परक्या पायाचे होते. पंजा आवळतो म्हणून एक क्रमांक मोठा घ्यायचा आणि मग टाच सुटते म्हणून नाडी करकचून बांधायची, ही सवय तेव्हापासूनची असावी. या पद्धतीचा पुनर्विचार व्हायला फार काळ गेला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातील 79 ठिकाणी 1,01,880 व्यक्तींच्या पायांची त्रिमितीय मोजणी केली. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद आहे, हा तिचा निष्कर्ष होय; त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आली. मोच्याला हे रेघ ओढतानाच ठाऊक होते, हा भाग निराळा.

अमरावतीत 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान आखाड्याचे, म्हणजे पुढील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. मल्लखांब ही अनवाणी पायाची कला. त्याच ऑलिंपिकमध्ये 100 कि.मी.ची रस्ता-सायकल शर्यत फ्रान्सच्या रॉबेर शार्पांतिए याने जिंकली. अंतर जवळपास अमरावती-अकोल्याएवढेच! वऱ्हाडात मात्र सायकल हे मास्तर, पोस्टमन आणि दूधवाल्याचे वाहन होते आणि तिचे रबरी पायटे चपलेनेच मारले जात.

युरोपीय शर्यतपटूचा बूटही प्रारंभी चर्मकाराच्याच हातचा होता. नवा बूट घालून काही दिवस सायकल चालवायची, तळव्यावर पायट्याचा वळ उमटला की त्या वळावर खाच असलेली पट्टी ठोकून घ्यायची, अशी रीत होती. 1984 मध्ये ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने बर्फावरील घसरपट्ट्यांच्या पकडीवरून खटक्याचे पायटे आणले. 1985 मध्ये बर्नार इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. तेव्हापासून बूट पायट्याशी जखडला गेला आणि तळवा कठीण होत कार्बनपर्यंत पोहोचला.

निवडीची खरी अडचण येथेच आहे. चालण्याच्या बुटाचा तळवा वाकतो, म्हणून बोटांपुढे बरीच जागा लागते. सायकलच्या बुटाचा वाकत नाही, म्हणून तेथे थोडीच पुरते. पंजाचा सर्वांत रुंद भाग तळव्याच्या सर्वांत रुंद भागावर बसणे आणि पायटा मारताना टाच न उचलली जाणे, या दोन गोष्टी क्रमांकापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. बुटातील आतला सोल काढून त्यावर उभे राहावे. पंजा कडेबाहेर ओसंडत असेल तर तो बूट, क्रमांक कोणताही असो, अरुंद समजावा. माप उभ्याने, दोन्ही पायांचे आणि संध्याकाळी घ्यावे, मोठ्या पायाला प्रमाण मानावे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि उन्हात पाय सुजतो. सकाळी थंड खोलीत बेतलेला बूट दुपारी बोटांना मुंग्या आणतो. मिनिटाला 75 फेरे धरले तरी पाच तासांत 22,500 वेळा तोच दाब त्याच जागी येतो. चामडे तेलाने, कलबुताने सैल होत असे. कार्बन होत नाही. त्यामुळे केवळ क्रमांक पाहून दूरवरून बूट मागविण्यात मोठा धोका आहे.

जून 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना यांदरम्यान एका मार्गिकेचे 75 कि.मी. सलग डांबरी काँक्रीट 105 तास 33 मिनिटांत अंथरले गेले व त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर स्वाराला पायट्यावरून पाय काढण्याचे निमित्तच उरत नाही. मूर्तिजापुरास चहासाठी उतरलेला स्वार आधी हेल्मेट काढतो की खाली वाकून बुटाचे पट्टे सोडतो, एवढे पाहिले तरी त्याचा बूट कोणत्या पायावर बेतलेला आहे हे कळून येते.