भेस्तानच्या मातीतले दप्तर

सुरतेचा इतिहास म्हटला की आपल्या मंडळींना १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. त्या इतिहासाला बखरी आहेत, वखारींची दप्तरे आहेत. परंतु उधना आणि सचिन यांच्या मधल्या ज्या भेस्तानात आपल्यापैकी अनेकांनी घरे बांधली, तेथील भूमीचा गेल्या काही दशकांचा इतिहास कोठे सलग लिहिलेला नाही. तो मातीत मुरला आहे.

दक्षिण गुजरातची काळी जमीन ही दख्खनच्या बसाल्ट खडकाचीच लेक. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी ही कपाशीची माती खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या ओळखीचीच होती. इमारतीचा पाया घालताना तिची भार पेलण्याची शक्ती, फुगवटा आणि भूजलाची पातळी तपासतात. मात्र भार पेलणारी जमीन निर्मळ असेलच असे नाही, आणि हा दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील कृष्णा आणि गोविल यांनी तो विचारला. सुरतेच्या औद्योगिक परिसरातील मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे नमुने घेऊन केलेला त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. किलोमागे क्रोमियम ३०५.२, तांबे १३७.५ आणि जस्त १३९ मिलिग्रॅम आढळले. माती लक्षणीय दूषित असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. येथे एक पेच आहे. क्रोमियम, कोबाल्ट, व्हॅनेडियम हे धातू बसाल्टमध्ये मुळातच असतात. म्हणून खडकाचे देणे किती आणि कारखान्यांचे किती, याचा निवाडा धातूंच्या विभागणीचे नकाशे व त्यांचे परस्परसंबंध पाहूनच करावा लागतो. शिवाय एकूण क्रोमियम कळल्याने भागत नाही. त्याचे त्रिसंयुजी रूप तुलनेने सौम्य असते, षट्संयुजी रूप कर्करोगकारक. एखाद्या भूखंडाविषयी निश्चित बोलायचे, तर खोल वेध घेऊन माती आणि भूजल दोन्ही तपासली पाहिजेत.

वेध कोठे घ्यायचा, हे मात्र यंत्र सांगत नाही. पूर्वी त्या जागी काय होते, सांडपाणी कोठून वाहत होते, खड्डे कशाने बुजवले, हे आधी जाणून घ्यावे लागते. दूषण नेहमी कारखान्याच्या कुंपणात थांबते असेही नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार दगावले. अशी कृत्ये कागदावर उतरत नाहीत. ती शेजाऱ्यांच्या स्मरणात राहतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी करणे, प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करणे आणि शुद्धीकरणाचा खर्च दूषण करणाऱ्याकडून वसूल करणे, अशी त्यांची चौकट आहे. पण यादीत जागा यायची तर प्रथम कोणीतरी ती दाखवली पाहिजे.

येथेच जुन्या कुटुंबांचे काम सुरू होते. कोणत्या विहिरीच्या पाण्याचा रंग केव्हा पालटला, कोणत्या शेतात पीक जळू लागले, खाडीचे जुने पात्र कोठून जात होते, हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी सालवार, जागेनिशी टिपून ठेवाव्यात. त्या पुरावा नव्हेत, पण पुरावा कोठे खणायचा ते त्याच सांगतील.