दूधगाव ते धनिणीची बाग

माधवनगर ही मिरज धाकट्या पातीच्या पटवर्धनांच्या मुलखात, त्यांच्या बुधगावच्या राजधानीलगत वसलेली व्यापारी पेठ. तिच्यापासून फार दूर नसलेल्या दूधगावी १९१० साली भाऊराव पाटलांनी समविचारी सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी जो विद्यार्थी आश्रम उघडला, त्याची गणना बहुधा गरिबांच्या शिक्षणाच्या इतिहासात होते. परंतु पोरवयातील मुलाला वळण कसे लावावे, या प्रश्नाच्या इतिहासातही त्याला मानाचे पान मिळाले पाहिजे, असे मला निश्चितपणे वाटते.

त्या काळी वळण लावणे म्हणजे छडी, अंगठे धरविणे, आणि एवढ्याने भागले नाही तर पटावरून नाव कमी करणे, असा सर्वमान्य शिरस्ता होता. त्यातील अखेरच्या हुकमाची झळ खुद्द भाऊरावांना लागली होती. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांची हकालपट्टी झाली. चालकांनी ज्याला उद्दामपणा मानले, तो न्यायबुद्धीचा आग्रह होता. शाहू महाराजांनी आश्रय दिला म्हणून तो तरुण सावरला.

पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडनजीक काले येथे भाऊरावांची रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते तेथील वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात शिस्त मुळीच सैल नव्हती. मात्र ती कामातून येई. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतकाम ही सारी कामे पाळीपाळीने मुलांच्याच अंगावर असत. ज्याच्या पाळीला भाकऱ्या कच्च्या राहतील, त्याला सोबत्यांच्या पंगतीला तोंड द्यावे लागे; आणि त्या पंगतीत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले मांडीला मांडी लावून बसत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही विकून या मुलांना जेवू घातले. आपल्यासाठी कोणी एवढे सोसते, हे पाहिलेल्या मुलाच्या मनावर जो संस्कार होतो, तो कोणत्याही छडीने होणार नाही.

कपाळामागचा, मोहाला आवर घालणारा आणि परिणाम तोलणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत राहतो, तर भावनेची आणि बक्षिसाच्या ओढीची केंद्रे त्याच्या कितीतरी आधी जोमात येतात, आणि सवंगडी पाहत असले की धोका पत्करण्याची ऊर्मी अधिकच बळावते, असे मेंदूविज्ञान आता सांगते. अपेक्षित वर्तन धड्यासारखे शिकवावे, ते दिसताच त्याची दखल घ्यावी, आणि गैरवर्तनाचे कारण शोधावे, ही पद्धत अमेरिकेच्या अपंग विद्यार्थ्यांविषयीच्या शिक्षण कायद्यात १९९७ साली दाखल झाली. आणि मेंदूविज्ञान सांगते ती सवंगड्यांच्या नजरेची प्रबळ ओढ साताऱ्याच्या पंगतीने कित्येक दशके आधी सत्कारणी लावली होती.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता असल्याने नववी-दहावीचा, म्हणजे ऐन वादळातला विद्यार्थी, त्याच्या हद्दीबाहेर राहतो. माधवनगरसारख्या गावांतील हायस्कुलांनी ही उणीव आपल्या कारभारातून भरून काढावी, आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या, ग्रंथालयाची नोंदवही, सहलीचा जमाखर्च नववीच्या मुलामुलींच्या स्वाधीन करण्याची तजवीज याच वर्षापासून करावी.