यंत्राला हुकूम कोणी द्यायचा?



बचत गटाचा हिशेब संगणकावर चढवायचा म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणी दोन पावलं मागे सरतात. वही आपली, पैसा आपला, पण बटणं दाबणार दुसरंच कोणी. म्हणून आज आम्ही संगणकाला लिहून हुकूम देण्याच्या रीतीचा इतिहास सांगणार आहोत.

मोबाइलवर आपण चित्रावर बोट ठेवतो आणि काम होतं. पण सॉफ्टवेअर लिहिणारे आणि मोठे संगणक सांभाळणारे लोक आजही साध्या पडद्यावर अक्षरांत हुकूम लिहितात. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की यंत्र काम करून उत्तर देतं. याला कमांड लाइन म्हणतात.

अगदी सुरुवातीला हुकूम लिहायचीही सोय नव्हती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचा खोलीभर संगणक उभा राहिला. तो फेब्रुवारी 1946 मध्ये जगाला दाखवला. त्याला काम सांगायचं म्हणजे जाड तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचायच्या आणि शेकडो खटके फिरवायचे. हे काम सहा तरुणींनी केलं: केय मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्राचं कौतुक झालं, पण या सहाजणींची नावं लोकांना कळायला कित्येक दशकं गेली.

पुढे टंकयंत्रासारखं टेलिटाइप आलं. त्यावर हुकूम टाइप करायचा आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून यायचं. वेग किती? सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं. त्यामुळे हुकूम जितका आखूड तितका बरा. यादी दाखव म्हणायला ‘एलएस’, प्रत काढायला ‘सीपी’, जागा बदलायला ‘एमव्ही’. हे शब्द तुटक वाटतात ते या हळू चालणाऱ्या यंत्रामुळे. त्यात विद्वत्तेचं काही गूढ नाही.

हे शब्द घडले न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्समध्ये. ही टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. तिथे 1969 मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक चालवण्याची व्यवस्था सुरू केली. थॉम्पसन यांनीच सांगितलं आहे की पत्नी लहान बाळाला घेऊन आजीआजोबांकडे गेली, त्या तीनेक आठवड्यांत त्यांनी तिचा पाया घातला. घरात बाळ सांभाळणारं माणूस असलं की कोणाला किती मोकळा वेळ मिळतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यांना मोठं यंत्र हवं होतं. ते मिळालं कागदपत्रं तयार करण्याच्या कामासाठी. 1971 मध्ये पेटंट विभागाचे तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर अर्ज टाइप करू लागले. यंत्राची स्मरणशक्ती 24 हजार अक्षरांच्या आसपास. आज मोबाइलचा एक फोटो याहून कितीतरी पट जागा घेतो. शिवाय एकाच्या आणि दुसऱ्याच्या कामात यंत्राच्या आत भिंत नव्हती. संशोधकाने नवा प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि तो चुकला, तर टायपिस्टचंही काम बंद पडू शकत होतं. म्हणून फार जपून वागावं लागे. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला हुकुमांची माहितीपुस्तिका निघाली.

मग 1973 मध्ये मोठी गोष्ट झाली. डग मॅकिलरॉय कितीतरी वर्षं सांगत होते की बागेच्या नळीचे तुकडे जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. थॉम्पसन यांनी ते करून दाखवलं. दोन हुकुमांच्या मध्ये एक उभी रेघ घातली की पहिल्याचं उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती जातं.

आपल्याला हे नवीन नाही. एकजण पाखडते, दुसरी निवडते, तिसरी दळते. समजा गटाची यादी यंत्रात आहे आणि हप्ता थकलेल्या नावांपुढे ‘बाकी’ असं लिहिलं आहे. ‘ग्रेप’ हा हुकूम ‘बाकी’ असलेल्या ओळी चाळून काढतो, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावतो आणि ‘डब्ल्यूसी’ मोजतो. प्रत्येकाला एकच काम, पण ते चोख.

याच बेल लॅब्समध्ये लोरिंडा चेरी काम करत होत्या. रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत त्यांनी ‘बीसी’ हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम केला. त्या नावाचा हुकूम आजही वापरात आहे. ब्रायन कर्निघन यांच्यासोबत त्यांनी गणिताची सूत्रं छापण्यासाठी एक भाषा केली. ती 1975 मध्ये जगापुढे मांडली. ज्यांना गणितही येत नाही आणि छपाईही येत नाही, अशा टायपिस्टना ती सहज शिकता यावी, असा हेतू त्यांनी स्पष्ट लिहून ठेवला. सूत्र मोठ्याने वाचताना आपण बोलतो, जवळपास तसंच टाइप करायचं. माणसाने यंत्रापुढे वाकायचं नाही, यंत्राची भाषा माणसाजवळ आणायची. चेरी 2022 मध्ये वारल्या.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स सुरू केलं. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आतून त्याच लिनक्सवर चालतो.

आता शिकायचं काय? चार गोष्टी पुरेत. आपण कुठे आहोत ते आधी विचारा, त्याला ‘पीडब्ल्यूडी’. समोर काय आहे ते पाहा, ‘एलएस’. काहीही बदलण्याआधी प्रत काढा, ‘सीपी’. आणि अडलं तर ‘मॅन’ लिहून पुढे हुकुमाचं नाव घाला, माहितीपुस्तिकाच उघडते. मुरलेले जाणकारही ती पाहतात. त्यात कमीपणा नाही. एका हुकुमाला मात्र जपा. ‘आरएम’ म्हणजे पुसून टाक. तो सहसा फिरून विचारत नाही, आणि गेलेलं परत मिळेलच असं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. यंत्राला काय विचारायचं, हे वही ज्याची त्यालाच ठाऊक असतं. कोणाचा हप्ता थकला, का थकला, कोणाला सवलत द्यायची, हे तुम्ही जाणता. हुकूम टाइप करायला महिनाभरात येईल. पुढच्या बैठकीत हिशेब चढवताना गटातल्या एकीला तरी यंत्रासमोरच्या खुर्चीत बसवा आणि बाकीच्या तिच्या मागे उभ्या राहा.