रक्तदाबाची आणीबाणी आणि मूत्रपिंड

अतिरक्तदाबामुळे शरीरातील एखाद्या महत्त्वाच्या अवयवाला ताजी इजा होत असेल, तर त्या अवस्थेला रक्तदाबाची आणीबाणी म्हणतात. १८०/१२० हा आकडा सावध करतो, निदान करत नाही. गोळ्या चुकल्यामुळे दाब तेवढा चढला आणि तपासणीत इजा दिसली नाही, तर गोळ्या पुन्हा सुरू करून काही दिवसांत दाब तपासणे बहुधा पुरते. मात्र त्याच आकड्यासोबत नजर अंधुक होणे, बोलणे असंबद्ध होणे, छातीत दुखणे, धाप किंवा आकडी असेल, तर तासही दवडू नये. मूत्रपिंडाची इजा सर्वांत फसवी, कारण ते दुखत नाही. अतिदाबाने त्याच्या सूक्ष्म धमन्या खराब होऊन रक्तपुरवठा आटतो, मग मूत्रपिंड रेनिन स्रवते आणि दाब आणखी चढतो. कधी क्रम उलटा असतो: घशाच्या किंवा त्वचेच्या संसर्गानंतर मुलाचा चेहरा सुजतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि दाब मागाहून वाढतो. त्रास नाही म्हणून मूत्रपिंड शाबूत आहे, असे त्यामुळे धरता येत नाही. रक्तातले क्रिएटिनिनही इजेनंतर उशिरा वाढते. केडिगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड-संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी ०.५ मिलिलिटरहून कमी झाली, तर तेवढ्यावरूनही तीव्र इजेचे निदान होते. खेड्यात हे कसे जमावे, हा आक्षेप रास्त आहे. पण लघवीतले रक्त व प्रथिने दाखवणारी पट्टी आणि लघवी मोजायचे भांडे यांना मोठे रुग्णालय लागत नाही.

दाबच घातक असेल तर तो लगेच खाली का आणू नये? कारण दीर्घकाळ चढ्या दाबाला सरावलेल्या धमन्यांना अचानक उतार सोसत नाही. मेंदू आणि मूत्रपिंड दोन्ही रक्ताला मुकतात. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची प्रथा याच कारणाने धोक्याची ठरली. तिच्यानंतर पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी आहेत. अतिदक्षता विभागात लॅबेटालॉल किंवा निकार्डिपिनसारखे औषध शिरेतून देऊन दाब पहिल्या तासात फार तर २५ टक्के उतरवतात, पुढच्या दोन ते सहा तासांत १६०/१०० च्या आसपास आणतात. महाधमनीचा पदर फाटल्यास मात्र हा संथपणा घातक. तिथे वरचा दाब तासाभरातच १२० च्या खाली हवा. गर्भवतीचा दाब १६०/११० वर टिकला तरी थांबू नये, आणि आकडीचा धोका असल्यास मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. दाब चढून डोके दुखत असताना डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, कारण ही औषधे दाब वाढवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात.