मोटारीमागचं घर

मोटारीमागे चाकांचं घर जोडायचं आणि मुलाबाळांसह हजारो मैल भटकायचं, ही अमेरिकेची जुनी हौस. वॉली बायम यांनी १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणलं. चकचकीत ॲल्युमिनियमचं, चौघं झोपतील एवढं. किंमत १,२०० डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. मुक्कामासाठी कुणाचं दार ठोठवायला नको, हे त्याचं सुख.

पण दार ठोठावूनही ज्यांना ते उघडत नसे, त्यांचं काय? त्याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधले कृष्णवर्णीय पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी एक छोटं पुस्तक काढलं. आपल्या लोकांना खोली, जेवण, पेट्रोल कुठे मिळेल, याची ती यादी. सुरुवातीला न्यूयॉर्क परिसरापुरती, पुढे देशभराची. खिशात पैसे असूनही कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबं घरून डबे घेऊन निघत आणि रात्री मोटारीतच झोपत.

या पुस्तकाची गरजच संपावी, अशी खुद्द ग्रीन यांची इच्छा होती. ते १९६० साली वारले. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि १९६६-६७नंतर पुस्तक निघालं नाही.

रस्ता तेव्हाही सगळ्यांचा होता; मुक्काम मात्र सगळ्यांचा नव्हता. प्रवासाचा इतिहास सांगताना मैलांबरोबर ही बंद दारंही मोजली पाहिजेत.