आयपीएलच्या सामन्यांचे स्थलांतर, २०१६

दुष्काळामुळे महाराष्ट्रातील क्रिकेट सामने न्यायालयाच्या आदेशाने राज्याबाहेर हलवले गेल्याची घटना. नैसर्गिक आपत्तीमुळे व्यावसायिक संघाला घरचे मैदान सोडावे लागल्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : २०१४ आणि २०१५ या सलग दोन वर्षी मराठवाड्यात पावसाने ओढ दिली. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात पोहोचली; तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. औसा तालुक्यासह जिल्ह्यातील गावे टँकरची वाट पाहत होती.

न्यायालयीन निर्णय : ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा तिचा दावा होता. म्हणजे पहिल्या पाणीगाडीच्या १२ खेपा. सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी वापरू, असे क्रिकेट मंडळाने सांगितले. १३ एप्रिलला न्या. विद्यासागर कानडे आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

स्थलांतर : आदेशाच्या कक्षेत १३ सामने होते. पुण्यातील १ मेच्या सामन्याला नंतर मुभा मिळाली आणि उरलेले १२ बाहेर गेले. मुंबई इंडियन्स आणि रायझिंग पुणे सुपरजायंट्स यांनी विशाखापट्टणम गाठले, किंग्ज इलेव्हन पंजाबचे नागपूरचे सामने मोहालीला झाले. पुण्यातील दोन बाद फेरीच्या लढती दिल्लीला, तर मुंबईतील अंतिम सामना बंगळुरूला झाला.

तुलना : २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकन फुटबॉलचा न्यू ऑर्लीन्स सेंट्स हा संघ सॅन अँटोनियो आणि बॅटन रूज येथे खेळला. तो कायमचाच जाईल अशी भीती होती. पण सप्टेंबर २००६ मध्ये तो आपल्या मैदानावर परतला. तिथे वादळाने मैदानच निकामी केले होते, इथे मैदाने शाबूत होती आणि पाणी नव्हते. औसा तालुक्याला स्थलांतराचा याहून कठोर अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसारखी गावे नव्या जागी वसवावी लागली. संघ हंगामापुरते जातात, गावांना परतीची वाट नसते.

मूल्यमापन : सामने हलवल्याने लातूरच्या नळाला पाणी आले नाही, ते रेल्वेने आणि पुढे पावसाने आणले. तरीही पिण्याचे पाणी आधी, करमणूक नंतर, हा क्रम न्यायालयाने स्पष्ट केला, आणि तो योग्यच होता. पण असा क्रम दुष्काळ पडल्यावर न्यायालयाकडून घेण्याऐवजी पाण्याच्या नियोजनातच ठरलेला असायला हवा. २०१७ मध्ये मुंबई आणि पुण्यात आयपीएलचे सामने पुन्हा खेळवले गेले.